एकादशीला नको

दमयंतीबाईंना विचारून त्यांच्या आयुष्यात कुणी काही केलं नाही. लग्न करून वैजापूरला आणलं ते विचारून नाही, नवऱ्याची बदली झाली म्हणून औरंगपुऱ्यात बिऱ्हाड मांडलं ते विचारून नाही, आणि म्हातारपणी ते गजबजलेलं बिऱ्हाड मोडून शेंद्र्याच्या अलीकडं उघड्या माळावर घर बांधलं तेही विचारून नाही. यजमान व्यंकटराव म्हणाले, "शहर वाढतंय. बघता बघता इथं सगळं येईल." आलं की! रस्ता आला, मंगल कार्यालय आलं, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बोर्ड आले. फक्त पाणी काही आलं नाही. नळाची पाइपलाइन अलीकडच्या चौकापर्यंत आली आणि तिथंच बसली.

व्यंकटराव तहसील कचेरीत कारकून होते. घराणं भिक्षुकीचं, त्यामुळं निवृत्त झाल्यावर पंचांग हातात घेऊन नव्या कॉलनीतल्या वास्तुशांती करत हिंडायचे. बायकोवर आपण कधी हात उगारला नाही, हे ते स्वतःच चारचौघांत सांगत. हात उगारायची गरज काय होती? जीभ होती ना! आमटीत मीठ कमी पडलं तर ताट ढकलायचे नाहीत, पाहुण्यांकडं बघून शांतपणे म्हणायचे, "हिच्या आईनं हिला काही शिकवलं नाही. मीही चाळीस वर्षं शिकवून थकलो." पाहुणे हसायचे. बाईही हसायच्या आणि पदराला हात पुसत आत जायच्या. मुलगा श्रीरंग पुण्यात. "आई, बाबांचं मनावर घेऊ नकोस," एवढं फोनवर म्हणण्यापलीकडं त्या बहाद्दराची मजल नव्हती.

या घरात बाईंचं स्वतःचं असं एकच होतं, ती म्हणजे ठकी. औरंगपुऱ्यातल्या गल्लीत कुत्र्यांच्या तावडीतून सोडवलेलं मांजरीचं पिल्लू. पांढरं अंग, कानापाशी काळा ठिपका, आणि नखरे असे की विचारू नका. दूध गार असेल तर तोंड फिरवायची. बाई तांदूळ निवडायला बसल्या की सुपाच्या काठावर पाय टेकून बसायची आणि डोळे मिटून घुरघुर करायची. व्यंकटराव तिला "तुझी मावशी" म्हणत, तेही असं की शिवी वाटावी. पण ठकीला त्यांच्या जिभेचं काही सोयरसुतक नव्हतं. ती खुशाल त्यांच्या सोवळ्यावर जाऊन झोपायची, आणि बाईंना मनातून काय गार वाटायचं म्हणून सांगू!

ज्या साली जायकवाडी तळाला गेलं, त्या साली ठकी म्हातारी झाली. एकाएकी पाणी प्यायला लागली. वाटी भरून ठेवली की लपालपा संपवायची, मोरीत जाऊन बसायची, परत येऊन रिकाम्या वाटीपाशी उभी. अंग वाळलं, तोंडाला कसलासा वास मारायला लागला. बाईंनी तिला पिशवीत घालून रिक्षानं जनावरांच्या डॉक्टर मंजुषाबाईंकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "काकू, मूत्रपिंडं गेलीत. बरी होणार नाही, पण घरी नीट केलंत तर काही महिने सुखानं काढेल. एक लक्षात ठेवा, पाणी कधीही कमी पडू द्यायचं नाही. जेवढं पितेय तेवढं पिऊ द्या."

आता बघा, सांगितलं कुणाला आणि कधी! कॉलनीत टँकर आठवड्यानं यायचा, तोही आला तर. व्यंकटरावांनी अंगणातल्या टाकीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली जानव्याला बांधली होती. सकाळी ते स्वतः कुलूप काढायचे, स्वयंपाकाचं, पिण्याचं, आंघोळीचं पाणी मोजून द्यायचे आणि पुन्हा कुलूप. ठकीची वाटी दिसली की म्हणायचे, "मराठवाड्यात माणसं हंड्यासाठी डोकी फोडतायत आणि आमच्याकडं मांजरीचे लाड चाललेत." एकदा वाटी पायानं उलटी केली आणि "दिसली नाही गं," म्हणाले. त्या दिवसापासून बाई स्वतःच्या वाटणीचं पाणी ठकीला द्यायला लागल्या. आंघोळीऐवजी अंग पुसून घ्यायच्या. जेवताना घास घशात अडकला तरी पाण्याला हात लावायच्या नाहीत. यजमानांच्या तोंडावर मात्र चकार शब्द नाही. हे बाईंचं चुकलंच. तोंड असून ते वापरायचं नाही म्हणजे काय!

पुढं नुसत्या पाण्यानं भागेना. डॉक्टरबाईंनी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. ज्या बाईला इंजेक्शन बघून घेरी यायची, ती हातात सुई घेऊन बसायला लागली. बाटली आधी कोमट पाण्यात धरायची, मग पंचांगाच्या खिळ्याला टांगायची. ठकीला मांडीवर घेऊन मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि सुई सारायची. पहिल्या वेळी सुई आरपार गेली आणि सगळं पाणी बाईंच्या लुगड्यावर. रडू फुटलं त्यांना. ठकीनं मात्र हूं की चूं केलं नाही. नंतर हात बसला. पाठीवर पाण्याचा उंचवटा यायचा, तो हळूहळू पायाकडं उतरायचा, आणि तासाभरानं ठकी उठून चक्क अंग चाटायला लागायची. असं झालं की बाई दिवसभर खुशीत असायच्या. श्रीरंगच्या बारशानंतर एवढी खुशी त्यांना झाली असेल असं वाटत नाही.

खिळ्यावरचं पंचांग खाली ठेवलेलं बघून व्यंकटराव म्हणाले होते, "मी आजारी पडलो तर एवढं करशील का गं?"

बाईंनी बाटली खिळ्यावर नीट टांगली. पण त्यांच्या मनात उत्तर आलं होतं, आणि ते आलं म्हणून त्या घाबरल्या.

उन्हाळा चढला आणि ठकीनं अन्न सोडलं. दह्याचं बोट ओठाला लावलं तरी जीभ बाहेर येईना. मागचे पाय ओढत चालायची, मोरीपर्यंत पोचायची नाही, आणि घाण झालेल्या अंगानं बाईंकडं असं बघायची की जणू तिची तिलाच लाज वाटतेय. डॉक्टरबाईंनी फोनवर सरळ सांगितलं, "काकू, आता सलाईन म्हणजे नुसता छळ आहे. एक सुई देते, झोपेत जाईल."

बाईंनी हे घरात विचारलं. व्यंकटराव ताडकन उठून बसले. "माझ्या घरात मांजराची हत्या? शुद्धीवर आहेस ना? सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, तेव्हा कुठं ते पाप फिटतं. भिक्षुकाचं घर आहे हे, खाटकाचं नाही."

सोन्याच्या मांजराचं बाईंनी आईकडूनही ऐकलं होतं, आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. थट्टा नाही, खरंच होता. पण ठकी रात्रंदिवस कण्हत होती. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, की पाप लागायचं तर मला लागू दे. नवऱ्याला न विचारता केलेला हा त्यांचा पहिला बेत. बुधवारी सकाळी त्यांनी मागच्या दारी जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला.

"बरं झालं फोन केलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी आज दुपारी तिकडंच एका गोठ्यावर येतेय. घरीच येते, तिला हलवू नका."

"आज?" बाई म्हणाल्या. "आज एकादशी आहे हो. आज नको. उद्या द्वादशी सोडली की या."

"काकू, तिला आज त्रास होतोय."

"एकच दिवस. एकादशीला नको."

आयुष्यभर पाळलेली एकादशी! पाप करायचं तर करायचं, पण चांगल्या दिवशी नको, असा हा हिशेब. आपल्याकडच्या बायकांनाच सुचावा असा. डॉक्टरबाई शेवटी "बरं" म्हणाल्या. बाईंना वाटलं, सगळं कसं नीट जुळून आलं. आत व्यंकटराव जप करत होते. जप करणाऱ्याचे कान बंद नसतात, हे बाईंच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी टँकर आला. भर उन्हात बाई चौकात रांगेत उभ्या राहिल्या, शेजारच्या चंपाबाईंच्या मदतीनं हंडे वाहून आणले. शेवटचा हंडा घेऊन आल्या तर न्हाणीघरात धो धो पाणी वाजत होतं. व्यंकटराव आंघोळ करत होते. भरल्या बादलीनं, डोक्यावरून! बाई बघतच राहिल्या. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. ठकीचं गोधडीचं अंथरूण रिकामं होतं.

"ठकी कुठंय?"

व्यंकटराव अंग पुसत बाहेर आले. "सोडून आलो."

"कुठं?"

"करमाडच्या पुढं, ओढ्याच्या पुलाखाली. स्कूटरनं नेलं. पोत्याचं तोंड उघडं ठेवलंय, हत्येचा दोष नको. देवाच्या मनात असेल तसं होईल." आणि पंचा झटकत म्हणाले, "उद्या तू हत्या करणार होतीस. मी तुला पापातून वाचवलं. उपकार मान."

बाई आत वळल्या. त्यांनी ठकीला औषध पाजायची सिरिंज उचलली, बाटलीत पाणी घेतलं आणि उन्हात अनवाणीच धावत सुटल्या. कोपऱ्यावर फकिराची रिक्षा उभी होती. फकिरा करमाडचाच. "करमाडच्या पुढचा पूल," एवढंच बाई म्हणाल्या. त्यानं एकदा बाईंच्या पायांकडं बघितलं आणि रिक्षा चालू केली.

पुलाखाली ओढा कसला, नुसती तापलेली वाळू. बाई "ठके, ठके" अशा हाका मारत बाभळींतून फिरल्या. हाकेला उत्तर आलं नाही. फकिरालाच ती दिसली. अर्धी पोत्यात, अर्धी बाहेर. मागचे पाय काम देत नव्हते, म्हणून पुढच्या पंजांनी वाळू उकरत ती ओढ्याच्या मधल्या खोलगटाकडं सरकली होती. पाण्याच्या वासावर गेली असेल. पाणी कुठलं! डोळ्यांच्या कडांना मुंग्या लागल्या होत्या. आणि जिवंत होती हो! बाईंचा हात लागल्यावर तिनं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

"मावशी, लई वंगाळ झालं हे," फकिरा म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं. "कुणी केलं असं?"

बाईंनी एकेक मुंगी काढली. सिरिंजनं पाणी ओठाशी सोडलं, पण ते गालावरून ओघळून गेलं. पिण्यात जिचा सगळा जीव होता, तिला आता गिळताही येत नव्हतं. हे बघताना बाईंना देवाचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि सपाटून आला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ठकीला टेबलावर घेतलं. पंजे सोलून निघाले होते. त्या हळूच म्हणाल्या, "मी दुपारी तुमच्या घरावरूनच गेले, काकू." त्यांच्या मनात टोचून बोलायचं नव्हतं. पण सुई ठकीला लागली त्याच्या आधी बाईंना लागली. ठकीचं डोकं बाईंच्या तळहातावर होतं. ते एकदम जड झालं आणि सगळं संपलं.

फकिरानं करमाडला भावाच्या बांधावर खड्डा करून दिला. दिवेलागणीला बाई घरी आल्या. व्यंकटरावांनी विचारलं, "सापडलं?"

"सापडली. डॉक्टरकडं नेली आणि सुई दिली. मी दिली म्हणा."

व्यंकटराव दोन पावलं मागं सरले. आठवडाभर त्यांनी बायकोच्या हातचं खाल्लं नाही, चंपाबाईंकडून डबा मागवला. आणि गप्प बसतील तर ते व्यंकटराव कसले! "काय सांगू, एकादशीला मांजर मारून आली," असं ते दारोदार सांगत फिरले. लोकांनीही माना डोलावल्या. हळदीकुंकवाचं बोलावणं बाईंच्या दारावरून पुढं जायला लागलं. पोत्याचं कुणी विचारलं नाही. पुढं व्यंकटरावांनी पोथी काढून निकाल दिला, "सोन्याचं मांजर आपल्याला झेपायचं नाही. येती एकादशी निर्जळा आहे. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, दिवसभर देवापुढं बसायचं. तुझ्यासाठी मीही करीन. बायकोचं पाप नवऱ्याला भोगावंच लागतं."

बाई "बरं" म्हणाल्या. त्या पापाचाच विचार करत होत्या, पण वेगळ्या. ठकीला पोत्यात घातलं ते नवऱ्यानं. पण तिला त्या वाळूत नेणारा दिवस कुणी मागून घेतला होता? आपणच. दाराशी आलेली सुटका "आज नको" म्हणून आपण परत पाठवली. कुणासाठी? एका तिथीसाठी. हे आठवलं की बाईंना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

निर्जळा एकादशी उजाडली. पावसाचा पत्ता नव्हता आणि सकाळपासूनच उकडून जीव चालला होता. दुपारपर्यंत व्यंकटरावांचे ओठ पांढरे पडले. देवासमोरच्या पाटावर बसून ते माळ ओढत होते, पण दर दोन मण्यांना बोटं अडत होती.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. माठातून तांब्या भरून आणला, व्यंकटरावांच्या समोर मांडी घालून बसल्या आणि तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं, पोलक्यावर आलं, त्यांनी पुसलं नाही.

"अगं, काय करतेस! निर्जळा आहे आज!"

"ठाऊक आहे."

"चांडाळणी, नरकात जाशील!"

"ठकीला तुम्ही निर्जळा घडवलीत," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, थरथरलासुद्धा नाही. "तिला सगळं पुण्य मिळालं असेल. मला नको ते."

व्यंकटरावांनी बोलायला तोंड उघडलं, पण कोरडी जीभ टाळूला चिकटली. त्यांचे डोळे बायकोच्या तोंडावर नव्हते, तांब्यावर होते. बाईंनी ते बघितलं. नीट, सावकाश बघितलं. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. मग त्या उठल्या आणि माठातून दुसरा तांब्या भरून पुन्हा त्यांच्या समोर येऊन बसल्या.