दोर कोणी सोडला?

संशोधनाला पैसे देणाऱ्या खात्याचा एक साहेब वर्षातून एकदा रत्नागिरीत यायचा. माझ्याकडे जेवायला बसला की आधी विचारायचा, "कालवण कोणी केलं?" उत्तर मिळाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. सून आतून हसायची.

कॉलेजातले सर आमच्या कातळावरच्या विहिरीचा अभ्यास करीत. दोर सोडून पाणी मोजायचो मी. सरांनी तक्ता दाखवला तसा साहेब म्हणाला, "दोर कोणी सोडला?"

"या आजोबांनी."

"मग त्यांचं नाव छापा. त्याशिवाय पुढचे पैसे नाहीत."

मी ताठ्यात म्हटलं, "साहेब, मी नावाचा भुकेला नाय."

"मानासाठी नव्हे हो. पैसे लोकांचे. उद्या कोणाला शंका आली तर विचारायचं कोणाला?"

मला काय ते पटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात देवरूखकडच्या एक बाई माझं नाव छापलेला तो तक्ता घेऊन माझ्या दारात. "आजोबा, तुमच्या आकड्यांवरून आम्ही तशाच कातळावर विहीर खणतोय. मोजलंत ते कठड्यापासून की जमिनीपासून?"

"कठड्यापासून."

कठडा माझ्या कमरेएवढा. विचारलं नसतं तर तेवढी चूक विहिरीत गेली असती. बाई गेल्यावर मी साहेबाला मनातून हात जोडले. देवाशिवाय कोणाला मी ते जोडत नाही.