पालथी नक्षी

फेज शहरातल्या निम्म्या अंगणांत नळामागची नक्षीची भिंत माझ्या हातची आहे. माझ्याच अंगणातली तेवढी नऊ वर्षं बोडकी होती.

आमच्या कामात फरशीचे रंगीत तुकडे जमिनीवर पालथे मांडतात, वर गिलावा ओततात आणि वाळल्यावर अख्खी नक्षी उचलून भिंतीला लावतात. तोवर दिसते ती नुसती मातकट पाठ. लोकांच्या घरी मला कधी शंका येत नाही. स्वतःच्या घरी मात्र मांडून झालं की वाटायचं, तो कोपऱ्यातला हिरवाच होता ना? उलटून बघायचो. मग शेजारच्याचाही भरवसा उरायचा नाही. सगळं उपसून पुन्हा मांडायचो.

"उस्ताद, मला पुदिना धुवायला नळ कधी मिळणार?" बायको, रकिया, विचारायची.

"हे घाईचं काम नाही."

"ते कळलं मला नऊ वर्षांत."

परवाच्या शुक्रवारी मशिदीत जाण्याआधी मी एक तुकडा बदलला, आपला खात्रीसाठी. परत आलो तर रकिया कोपरापर्यंत पांढरी. सगळ्या मांडणीवर तिने गिलावा ओतला होता.

"आता हात घातलात तर हातासकट वाळेल," ती म्हणाली.

दोन दिवसांनी मेहुण्यांना बोलावून नक्षी भिंतीला उभी केली आणि नळ जोडला. दोनशे तुकडे जिथल्या तिथे होते. चुकला होता एकच, शुक्रवारी बदललेला.

तेवढा काढून नीट बसवतो, असं मी म्हणणार होतो. पण रकियाने नळ सोडला आणि पुदिन्याची जुडी नेमकी त्या तुकड्यासमोर धरली.