धुरी दिलेल्या पिशव्या

माचामे गावातून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर आइकारुवा मावशीचं घर शेवटचं. पुढे केळी, आणि केळींच्या पुढे डोंगर. मी डोंगरावर ओझी वाहतो. मावशी डोंगरावरून उतरलेलं धुते. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची पिशवी असते ना, लांब नळीची, चालता चालता चोखायची? त्या पिशव्या. खाली मोशी शहरातल्या उरासाच्या दुकानातून डोंगर चढायला आलेले गोरे त्या भाड्याने नेतात आणि सरबत म्हणू नका, दूध म्हणू नका, वाट्टेल ते भरून परत आणून टाकतात.

धुण्यात मावशीचा हात कुणी धरणार नाही. लिंबू, सोडा, कोमट पाणी. पिशवी तान्ह्या पोरासारखी हलवायची. नळीतून दोरीला बांधलेली चिंधी ओढायची. मग नळी डोक्याभोवती गरगरा फिरवायची. अंगणभर थेंब उडत, कोंबड्या पळत सुटत.

"मावशी, हेलिकॉप्टर उडालं का?" मी वाटेवरून ओरडायचो.

"ये की मेल्या, तुलाच बांधते शेपटीला!"

पण वाळवणं तिच्या हातात नव्हतं. जूनमध्ये आमच्याकडे ढग अंगणात येऊन बसतो तो उठतच नाही. मागच्या खेपेला एक पिशवी ओलसर गेली. नळीत काळे ठिपके धरले, आणि वर तंबूत एका गोऱ्या बाईचं पोट बिघडलं. उरासा म्हणाला, "मावशी, तू माझ्या आईच्या गावची म्हणून गप्प बसलो. आता एक जरी तक्रार आली तर काम दुसरीला." काम गेलं की मावशीला दिराच्या चुलीपाशी जाऊन बसावं लागणार. तो दीर कसा आहे ते आख्ख्या वाटेला ठाऊक आहे.

आणि ह्या खेपेला तर ऊन दिसलंच नाही. सकाळी गोऱ्यांची गाडी निघायची होती, आणि आदल्या दिवशी कलत्या दुपारीही पिशव्या दोरीवर उलट्या लटकलेल्या. बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मावशीनं प्रत्येकीच्या पोटात वाकवलेली काडी घातली होती. तरी आत बोट फिरवलं की बोट ओलं. तिनं फुंकलं, पुसलं, पदराखाली पोटाशी धरलं. तोंडानं बडबड चाललेली, "वाळ ना गं बाई, वाळ ना."

मग एकाएकी दोरी सोडून तिनं सगळ्या पिशव्या आत नेल्या आणि चुलीवरच्या माळ्याला टांगल्या. चुलीत कॉफीच्या वाळक्या फांद्या.

"अगं, धूर लागेल की!" मी म्हणालो.

"लागू दे. माझी आई दुधाचा भोपळ्याचा तुंबा असाच कोरडा करायची. धुरी दिलेल्या तुंब्यात दूध नासत नाही, तिथं पाणी काय नासतंय? तू फांद्या मोड."

मी मोडल्या. मलाही ते पटलं. आमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं.

सकाळी पोतं पाठीवर घेऊन मी तिच्याबरोबर दुकानात गेलो. पिशव्या कोरड्या ठणठणीत होत्या. मावशी सारखी पोत्याला हात लावून बघत होती.

उरासानं पहिली पिशवी उघडली, नाक घातलं आणि थांबला. दुसरी उघडली. तिसरी.

"धुरी दिलीस?"

"चांगली दिली, बाबा. एक ठिपका धरायचा नाही."

"मावशी, हे गोरे ह्या वासानं वर ओकतील गं."

"धुते ना मी! आत्ता, इथंच, नळाखाली. लिंबू आहे माझ्याकडे." तिनं खरंच पदराच्या गाठीतून लिंबू काढलं.

"तुंब्याचा वास धुऊन जातो का कधी? तूच सांग."

तिनं लिंबू पुन्हा गाठीत बांधलं. उरासानं दाराशी उभ्या गाडीकडे पाहिलं आणि कपाटातून कोऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या काढायला लागला. पण त्याआधी त्यानं एक पिशवी नळाखाली भरली, नळी तोंडात धरली आणि डोळे मिटून बराच वेळ पीत राहिला.

"ही मी ठेवून घेतो," तो म्हणाला. "बाकीच्या ने. आणि आता येऊ नकोस, मावशी."

परतताना दिराच्या घराकडे वाट फुटते तिथं ती थांबली, पोत्यातून एक पिशवी काढली, नळी उपसली आणि सवयीनं डोक्याभोवती फिरवली.

माझ्या गालावर एक थेंब उडाला.

"नळी ओलीच राहिली रे," ती म्हणाली आणि वाटेच्या कडेला खाली बसली.