आधीच लिहिलेली ओळ

दवाखान्यात तिला सगळे बिलताई म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडे नोंदी ठेवायच्या आणि बिलं करायची, हे तिचं सोळा वर्षांचं काम. पेशंट खुर्चीतून उठायच्या आत कागद तयार. "डॉक्टर दात काढतात, तुम्ही जीव काढता," असं शिंपीकाका दर खेपेला चिडवायचे. ती म्हणायची, "काका, आधी सही, मग गप्पा."

या चपळाईचं गुपित एकच. रूट कॅनॉलच्या दुसऱ्या खेपेला दाताच्या मुळात औषध भरून तो तात्पुरता बंद करतात. औषध ठरलेलं, कॅल्शियमचं. म्हणून ती सकाळीच कार्डावर आणि बिलावर ती ओळ लिहून मोकळी व्हायची. कधी चुकलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. शिंपीकाकांचा गळा सुजला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या.

"काल यांच्या दातात काय भरलंत? सूनबाई म्हणतात, यांना आयोडीन चालत नाही."

कार्ड समोरच होतं. "कॅल्शियमचं औषध," तिनं वाचलं. "आयोडीन नाही त्यात."

"नक्की ना? मग दात उघडत नाही, दुसरं कारण शोधतो."

'नक्की' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि नजर खालच्या खणावर गेली. कॅल्शियमच्या नळ्यांचं नवं खोकं. आज सकाळीच आलेलं, तिनंच उतरवून घेतलेलं. जुनं तर शनिवारीच संपलं होतं. मग काल भरलं काय?

डॉक्टर म्हणजे जमदग्नी. आधीच्या नर्सबाईंना एका चुकीपायी उभ्या उभ्या घरी पाठवलेलं. तिच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, नवऱ्याचं काम सुटलेलं. कार्ड तिच्या बाजूनं साक्ष देत होतं. तिनं फक्त गप्प राहायचं. देवा, आता तूच बोलव.

"थांबा," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. "ती ओळ मी काल सकाळीच लिहिलेली. औषध भरायच्या आधी. विचारून येते, फोन ठेवू नका."

दार ढकलून तिनं खुर्चीतल्या पेशंटसमोरच सगळं सांगितलं. मशीन थांबलं. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पिवळी पेस्ट भरली काल. आयोडीनचीच ती." आणि हातमोज्यांसकट ते फोनकडे धावले.

पुढचे तीन तास तिनं जप करत काढले. मोजणी दर वेळी चुकत होती. संध्याकाळी निरोप आला: दात उघडून औषध धुऊन काढलं, सूज उतरतेय.

डॉक्टरांनी कार्ड पुढे सरकवलं. खोडायचं ते एकाच आडव्या रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे, ही तिथली रीत. तिनं रेघ ओढली, खरं औषध लिहिलं, बाजूला सही केली. सही तिची वाटतच नव्हती.

"उद्या येऊ का?" तिनं जमिनीकडे बघत विचारलं.

"या. पण मी पेशंटजवळून उठल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचं नाही."