भरल्या सायकलवरून उतरताना

मला एका जागी बसवत नाही. ऑफिसात बसते ती पगार मिळतो म्हणून, आणि तिथेही टेबलाखाली माझे पाय हलत असतात. रविवारी मात्र उजाडता उजाडता अंबरनाथच्या घरातून सायकल काढायची, बदलापूर ओलांडायचं आणि सोनिवली मागे टाकून माहेरच्या गावाकडे सुटायचं. नवऱ्याला आधी वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे. आता तो झोपेतच "चाललीस?" म्हणतो आणि कूस बदलतो.

सोनिवलीचे नवे टॉवर संपले की जमीन एकदम सपाट होते. भात कापून झालेलं असतं, ओल धरून राहिलेल्या शेतांत वाल वर आलेला असतो, आणि मधून रस्ता सरळ गेलेला. चढ नाही, उतार नाही, वाऱ्याला आडोसा नाही. लोकांना वाटतं सपाट रस्ता म्हणजे आराम. डोंबलाचा आराम! चढावर गेलं की कधीतरी उतार मिळतो. इथे पाय थांबले की सायकल थांबते. नदीकडचा वारा तोंडावर आला तर विचारूच नका. पण मला तेच हवं असतं. पायडल मारताना डोक्यातला गोंधळ जरा गप्प बसतो.

त्या थंडीत डोक्यात बाबांशिवाय दुसरं काही नव्हतं.

बाबा जन्मभर दूधवाले. पहाटे गावातून निघायचे आणि उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या हलवायांकडे दूध घालून यायचे. तिथला सिंधी हलवाई त्यांना "आओ साईं" म्हणून हाक मारायचा आणि मलईचा पेढा बांधून द्यायचा, आमच्यासाठी. बाबा घरी असले तरी बसलेले कधी दिसायचे नाहीत. बांध बघ, म्हैस धू, कुणाचं तरी छप्पर शाकारायला जा. माझ्या पायांना भिंगरी आहे असं आई म्हणते आणि लगेच बाबांकडे बोट दाखवते.

अशा माणसाला कंपवात झाला. हात थरथरायचे, ते एक वेळ चाललं असतं. पण पाय जमिनीला चिकटायला लागले. चालता चालता मधेच खिळा ठोकल्यासारखे उभे. उंबऱ्याशी तर हमखास. एक पाऊल टाकायचं असायचं, तेवढंच, आणि ते पडायचं नाही. मी मागे उभी राहून म्हणायची, "चला बाबा, उचला पाय, चला ना!" मी घाई केली की ते आणखी अडकायचे आणि माझ्या जिवाची तगमग व्हायची. शेवटी आई ओरडायची, "तू गप रव गो जरा! तुझ्या तोंडाने चालत नाय तो."

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ठरवून टाकलं. आईबाबांना बदलापूरला त्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचं, बाबांसाठी चाकांची खुर्ची घ्यायची. तिथे लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे. त्याचं चूक नव्हतं, हेच तर दुखणं होतं. चूक असतं तर मी कडाकडा भांडले असते. चाकांच्या खुर्चीला बाबा गाडी, त्यांच्या बोलीत गारी, म्हणायचे. ते एवढंच म्हणाले, "त्या गारीत बसलो का मी संपलो." त्यानंतर ते धड जेवले नव्हते.

ज्या रविवारी दादा खुर्ची घेऊन त्यांना न्यायला यायचा होता, त्या सकाळी मी नेहमीपेक्षा जोरात सायकल हाणली. त्याच्या आधी पोचायचं होतं. पोचून काय करणार होते, देव जाणे. वालाच्या शेतातल्या बायांनी रोजची गंमत केली, "अगो, नवऱ्याची चड्डी घालून आलीस काय?" एरवी मी उलट चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी नुसता हात केला.

बाबा ओट्याच्या कडेशी घरातल्या जुन्या लाकडी खुर्चीत बसले होते. अंगणात मी सायकल उलटी करून चेन पुसायला लागले. नुसतं बसून बोलणं मला जमत नाही. मागचं चाक फिरत होतं आणि बाबा त्याच्याकडे एकटक बघत होते.

"मना सायकल दे," ते म्हणाले.

"ही? हिला हात लावू नका बाबा, हिच्या पायडलात बूट अडकतात. मीच दोनदा सिग्नलला आडवी झालेय."

"तुझी नको. माझी."

त्यांची काळी सायकल मागच्या पडवीत होती. चुलते अजून ती वापरत, म्हणून चाकांत हवा होती. मी ती आणली आणि आई भडकली. "तो येरा झालाय, तू पन येरी झालीस का गो?" झालेही असेन वेडी. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की दादा यायच्या आत बाबांनी काहीतरी मागितलं होतं आणि ते माझ्याकडे मागितलं होतं.

दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन लटकत असले की सायकलवर जमिनीवरून टांग टाकता येत नाही. म्हणून आमच्याकडचे दूधवाले सायकल ओट्याला लावायचे, ओट्यावरून थेट सीटवर बसायचे, आणि उतरायचे तेही एखाद्या कट्ट्यावर पाय टेकून. भरल्या सायकलवरून जमिनीवर पाय टेकायचा नाही, असा त्यांचा नियमच होता. बाबांनीही तेच केलं. मी सायकल घट्ट धरली, त्यांनी ओट्याच्या कडेवरून पाय पलीकडे टाकला आणि म्हणाले, "सोर."

मी सोडली नाही. कॅरिअर धरून धावत राहिले. पण त्यांनी दोन पायडल असे मारले की माझा हातच सुटला.

आणि बाबा गेले! जो माणूस उंबरा ओलांडू शकत नव्हता, तो सरळ, न डगमगता सायकल चालवत गेला. पाय अडकेनात, हात थरथरेनात. मी माझी सायकल सरळ केली, बूट खटाखट अडकवले आणि मागे सुटले. गाठल्यावर बघते तर तोंडावर वारा घेत बाबा चक्क हसत होते. मला रडू आलं, आणि नाकातोंडात वारा शिरला की रडताही धड येत नाही.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे थांबणार कसे? ब्रेक दाबला तर पाय खाली टेकायला हवा, आणि पायांनी तर जमिनीशी वैर धरलंय. पुढे हा रस्ता टॉवरांच्या डांबरी रस्त्याला मिळतो. तिथे सारखे डंपर.

"बाबा, थांबा! नाही, नाही, थांबू नका! ब्रेक नका दाबू!"

"बोंबलू नको," ते शांतपणे म्हणाले. "कट्ट्याशी टेकीन."

वेशीवरचा तो कट्टा, जिथे सगळे दूधवाले टेकायचे. पण रस्ता रुंद केला तेव्हाच तो तोडला होता. बाबा घराबाहेर पडत नव्हते, त्यांना कोण सांगणार?

वेस आली. कट्ट्याच्या जागी खडीचा ढीग. बाबांनी तिकडे पाहिलं. त्यांचं हसू गेलं. "तोरला काय?" एवढंच म्हणाले आणि पायडल मारणं न थांबवता, मोकळ्या शेताच्या कडेने मोठा गोल वळसा घेऊन त्यांनी सायकल घराकडे वळवली.

परतीचा वारा पाठीवर होता. अंगणाच्या तोंडाशी आलो आणि बघते तर दादाची मोटार. ओट्याला अगदी चिकटून, जिथे बाबांना टेकायचं होतं नेमकं तिथे, नवी कोरी चाकांची खुर्ची. दादा तिच्या मुठी धरून आ वासून आमच्याकडे बघत होता.

"दादा, ती खुर्ची काढ! काढ रे मेल्या, बाजूला घे!"

दादाने आयुष्यात पहिल्यांदा कारण न विचारता माझं ऐकलं. खुर्ची मागे ओढली. बाबांनी वेग कमी केला, सायकल ओट्याला घासत आणली आणि डावा पाय कडेवर टेकला. बस्स. दुधाचा थेंब सांडला नसता.

मी मात्र त्यांच्याकडे बघता बघता बूट सोडवायला विसरले आणि अंगणात धाडकन आडवी झाले. "म्हातारा बरोबर उतरला, जवान पोर परली," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

दादाने बाबांना ओट्यावर घेतलं. बाबा दाराकडे वळले आणि पाय पुन्हा चिकटले. उंबरा हातभर लांब. मी पडल्या जागेवरून "चला बाबा" म्हणणार होते, ते गिळलं. बाबांनी उंबऱ्याकडे पाहिलं, मग खाली खुर्चीकडे पाहिलं.

"आन ती गारी वर," ते म्हणाले.

दादाने खुर्ची ओट्यावर चढवली. बाबा हळूच तिच्यात बसले, हात पुन्हा थरथरत होते. दादा मुठी धरून ढकलायला वाकला, तसा बाबांनी हात वर केला.

"आदी सायकल मोटारीवर बांध. मंग मना ने."