उसाचा रस आणि सुई
महाड स्टँडबाहेर उसाच्या रसाचा वास आला की माझे पाय अजून अडखळतात. त्या वर्षी पोलादपुरात आईला ताप आला आणि डॉक्टरांनी सात दिवसांची अँटिबायोटिकची इंजेक्शनं लिहून दिली. कंपाउंडर घरी येऊन द्यायचा. चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी. शेजारच्या काकी म्हणाल्या, "कावीळ हाय, रस पाजा." आम्ही तेल-तिखट बंद केलं, महाडच्या नोकरीवरून येताना मी रोज रस आणला, इंजेक्शन मात्र एकही चुकवलं नाही. "ती सुई नको गो," आई म्हणायची, "हातात टोचली की कमरेत कळ येते." कोर्स अर्धा सोडायचा नसतो, असं सांगून मी तिचा हात घट्ट धरून ठेवायचे. सहाव्या दिवशी तिला बसल्या जागी धाप लागली, तशी महाडला नेली. रक्त तपासून तिथले डॉक्टर म्हणाले, "ही साधी कावीळ नाही. या इंजेक्शनमुळे त्यांचं शरीर स्वतःच्याच रक्तपेशी फोडतंय." रक्ताची एकही पिशवी जुळेना. संध्याकाळी आई गेली. ती सुईच घात करतेय हे घरात एकट्या तिलाच कळलं होतं, आणि तिचा हात मी धरून ठेवला होता.