हलकी नळी

वडनेर भोलजीजवळ आमचं शेत नाल्याला लागून आहे आणि नाल्यातल्या बाभळींत रानडुकरांची वस्ती. मका दाण्यावर आला की ती कळपानं शिरतात आणि खातात त्याच्या चौपट लोळून नासवतात. वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. वनखात्याची परवानगी काढूनही त्यांनी उभ्या आयुष्यात दोनच डुकरं मारली असतील, बाकी सगळे बार हवेत. पण बंदूक खांद्यावर नसली तर ते मक्यात पाऊल टाकत नसत. सत्तरी ओलांडली तशी ती लांब, जाड नळीची बंदूक त्यांना पेलवेनाशी झाली. एका पावसाळ्यात बांधावर दोनदा तोल जाऊन पडले.

शेत सोडा म्हणण्यात अर्थ नव्हता. मग मीच ठरवलं, बंदूक हलकी घ्यायची. मी बुलढाण्यात शाळेत गणित शिकवते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा तेव्हा माझा समज होता. परवान्याचे सगळे सोपस्कार मी पुरे केले, जुनी बंदूक दुकानातच जमा करायचं ठरलं. वडील एसटीनं घाट चढून आले आणि आम्ही बंदुकीच्या दुकानात गेलो.

दुकानदार वयस्कर होता. त्यानं टेबलावर दोन बंदुका ठेवल्या. दोन्ही बारा बोअरच्या, लाकूड सारखंच, फरक फक्त नळीचा. एकीची नळी लांब आणि जाड, दुसरीची चार बोटं आखूड आणि पातळ. वडिलांनी आधी जाड नळीची उचलली आणि भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला. थोड्याच वेळात नळीचं टोक खाली यायला लागलं. ते पाहणं मला सहन झालं नाही. मी पातळ नळीची बंदूक एका हातानं उचलून त्यांच्यापुढे धरली.

“बाबा, हेच घेऊ. उचलून तं पाहा.”

“ताई, घाई नका करू,” दुकानदार म्हणाला. “नळी हलकी झाली का धक्का वाढते. बंदुकीले वजन असलं तं ते अर्धा धक्का पिऊन घेते. नाही तं सारा खांद्यात जाते.”

“बार काय ते रोज काढतात?” मी म्हटलं. “उचलून मात्र रोज न्यायची हाय.”

“दादा, तुम्ही काय म्हन्ता?” त्यानं वडिलांना विचारलं.

वडील जाड नळीवर तळहात ठेवून उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. “तिले समजते,” ते म्हणाले. “तेच द्या.”

आम्ही दोघांनीही ती उडवून पाहिली नव्हती. मी तर आयुष्यात कुठलीच बंदूक उडवली नव्हती. तरी परतताना मी खुशीत होते. आपण बापाचं ओझं कमी केलं, असं मी स्टाफरूममध्ये दोन-तीन जणींना सांगितलंसुद्धा.

त्यानंतर फोनवर दर वेळी मी विचारायची, बंदूक कशी आहे? “मस्त हाय,” ते म्हणायचे. “कापूस उचलल्यावानी वाटते.” दसऱ्याला गेले तेव्हा विळे, वखराची पास आणि फवारणीच्या पंपाशेजारी ती पाटावर ठेवली होती, हळदकुंकू लावलेली. मी वडिलांना तिच्यासोबत फोटो काढायला उभं केलं. त्यांनी ती डाव्या हातात धरली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी मक्यातून निघालेल्या डुकरानं त्यांची मांडी फाडली. शेजारच्या शेतातल्या माणसांनी बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून गाडी करून दवाखान्यात. मी पोचले तेव्हा वनरक्षक त्यांच्या खाटेशी उभा राहून जबाब लिहून घेत होता. बंदूक त्यांच्याजवळच सापडली होती, पण नळीत काडतूस नव्हतं. खिशातही एक नव्हतं.

“भराले विसरलो,” वडील म्हणाले.

माझा पारा चढला. भीतीनंही चढला असेल. वनरक्षक, नर्स आणि गावची दोन माणसं यांच्यासमोर मी त्यांना बोलले. एवढी धडपड करून बंदूक आणून दिली, आणि साधी भरायला विसरता? लहान पोरासारखं किती सांभाळायचं तुम्हाला? जबाबात काय लिहू, असं वनरक्षकानं मला विचारलं, तेव्हा मीच सांगितलं की हल्ली ते विसरतात, तसंच लिहा.

“हाव बाई,” वडील म्हणाले. “चुकलं माह्यं.”

पाचव्या दिवशी ते गेले.

तेरवी झाली आणि पाहुणे पांगले. आई चुलीपुढे बसली होती. मी तिला म्हटलं, एक काडतूस भरलं असतं तर बाबा वाचले असते. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, “ते इसरले नव्हते. श्रावणात पह्यला बार काढला, तं खाली बसले. उजवा खांदा असा काळानिळा झाला होता जसं वांगं. महिनाभर विटेनं शेकत होती मी. त्या दिवसापासून त्याईनं काडतूस घरीच ठेवले. रिकामी बंदूक घेऊन जात अन् डबा वाजवत.”

“मग मले सांगितलं काऊन नाही?”

“मी म्हटलं, सांगते. तं माह्यावर डोळे वटारले. तिनं निवडली, तिले वाईट वाटन, म्हने.”

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो, आणि आला की तो शेवटी माझ्यावरच येऊन थांबतो. वाईट वाटलं असतं, खरं आहे. मी दोन दिवस फुगून बसले असते. तिसऱ्या दिवशी त्या दुकानात जाऊन जाड नळीची बंदूक आणली असती.